साहेबाच्या ट्रंकेतलं हत्यार

कविता करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि लढाईवर गेलेला माणूसही पाहिला नव्हता. दोन्ही एकदमच पाहायला मिळाले, तेही एकाच खाकी चड्डीत. साहेब जर्मन होता, नाव वेर्नर. उंच, वाळलेला, पुढचे केस गेलेले, उन्हानं नाक कायम सोललेलं. आबा, म्हणजे माझे वडील, त्याचे आचारी. मी आबांची एकुलती मुलगी, शेवंता, वय पंधरा असेल नाहीतर सोळा. राहायचो अल ऐनला, खजुरीच्या बागांच्या कडेला, कंपनीनं बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरात. आता माझा मुलगा दुबईतल्या डिस्कव्हरी गार्डन्सहून तिथं दीड तासात गाडी नेतो आणि वाटेत कॉफी प्यायला थांबतो. तेव्हा त्या वाटेवर वाळू आडवी यायची आणि माणसं फावडी घेऊन खाली उतरायची.

मी तिथं कशी पोचले ते थोडक्यात सांगते. आबा माणदेशातले. धरणाच्या कामावर इंजिनिअरांच्या मेसमध्ये स्वयंपाक करायचे. ज्या ठेकेदाराकडे होते त्याला आखातात काम मिळालं, तसे आबाही इकडे आले. आई आधीच वारली होती, म्हणून मला आत्याकडे ठेवलं. आत्या वाईट नव्हती. पण तिच्या घरात मी सगळ्यांत शेवटी जेवायची, आणि शेवटी जेवणाऱ्याच्या वाट्याला कालवण येत नाही, भांड्याला लागलेला रस्सा येतो. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती तिथंच. पुढे साहेबानं आबांना विचारलं, घरी कोण असतं? आबा म्हणाले, एक मुलगी. साहेब म्हणाला, मग तिला तिकडे कशाला ठेवलीस? आणि कंपनीतून त्यानं माझे कागद करून घेतले. साहेबाच्या घरी मी जन्मात पहिल्यांदा तव्यावरची पहिली भाकरी खाल्ली. आबा थापायचे, मी चुलीपुढं बसून खायची. हे घर सोडायला लागू नये एवढीच माझी तेव्हाची इच्छा होती. दुसरी नव्हतीच.

घराच्या मागून फलज वाहायचा. फलज म्हणजे डोंगरातलं पाणी जमिनीखालून लांबवर आणून बागेत सोडलेला पाट. त्याचा आवाज रात्रंदिवस यायचा, इतका की तो येतोय हे आठ दिवसांत विसरायला होई. सकाळी होले घुमायचे, मग बागेतलं गाढव ओरडायचं, मग साहेबाचा रेडिओ खरखरायचा. स्वयंपाकघर घरापासून सुटं, पत्र्याचं. आबा कोरड्या मुलखातले, त्यामुळे मासा त्यांना कळायचा नाही. बाजारात सुकवलेली मुशी मिळायची, तिच्या वासानं आबा तोंडावर उपरणं धरून चालायचे. पण साहेबाला मासा आवडायचा, म्हणून ते करायचे, आणि दर खेपेला माशाला वांग्याची आमटी असल्यासारखी वागणूक द्यायचे. शेंगदाण्याचा कूट, काळा मसाला, वर गूळ. साहेब खायचा. पिठलं त्याला फार आवडायचं. त्याला नाव आठवायचं नाही, म्हणून तो ‘वो पीला’ म्हणायचा. भाकरीला लोणी लावून वर खजूर ठेवून खायचा. आबा मला म्हणायचे, “बघ, देवानं ह्येला हात चांगलं दिल्यात, जीभ दिली न्हाई.”

साहेबाचं काम जमिनीखालचं पाणी शोधायचं. यंत्रानं भोकं पाडायची, वर आलेली माती बरण्यांत भरायची, बरणीवर चिठ्ठी लावायची. त्याच्या हाताखाली दहाबारा माणसं, त्यांच्याकडून तो हिंदी शिकला होता. ते हिंदी असं की ऐकणाऱ्यानं अर्धं स्वतः भरायचं. पण पाणी हे त्याचं पोटाचं काम. जिवाचं काम वेगळंच होतं. तो बघायचा. एवढंच. सकाळी चहाचा पेला घेऊन एखाद्या झाडापुढं उभा राहायचा आणि चहा निवून त्यावर माशी बसेपर्यंत बघत राहायचा. आमच्याकडे असं बघणाऱ्याला बाहेरचं लागलं असं म्हणतात. मीही आधी तसंच समजले.

एकदा पहाटे उजाडता उजाडता त्यानं आबांना आणि मला जीपमध्ये घातलं आणि लांब वाळूत नेलं. वारा पडलेला होता. वाळूची एक मोठी टेकडी, तिच्यावर बारीक बारीक खुणा. साहेब गुडघ्यावर बसला आणि बोटानं दाखवत गेला. ही पाल इथून आली. इथं थांबली, तिची शेपटी इथं टेकली. हा किडा. आणि इथं पालीची खूण एकदम संपली, कुठं वळली नाही, नुसती संपली. आणि तिच्या दोन्ही अंगांना पिसांचे फराटे, पंखा टेकवावा तसे. मला समजायला जरा वेळ लागला. वरून पक्षी आला होता. माझ्या अंगावर काटा आला. अख्ख्या रात्रीची हकिगत तिथं लिहून ठेवलेली होती आणि आम्ही रोज तिच्यावरून चपला घालून चालत होतो. मी चौथी पास, वाचायला येतं म्हणून जरा ताठ असायची. त्या दिवशी कळलं की मला काहीच वाचता येत नाही.

दुसऱ्या एका दिवशी तो भर दुपारी ओल्या हातानं धावत आला. यंत्र पुरुषभर नाही, विहिरीला विहीर लावावी इतकं खोल गेलं होतं, आणि तिथल्या मातीतून एक मूळ वर आलं होतं. सुतळीएवढं, ओलं. जवळपास एकच झाड होतं, त्यांच्या कामाच्या जागेमागचं, इकडे त्याला घाफ म्हणतात. त्या बुटक्या, वेड्यावाकड्या, काटेरी झाडाचं मूळ इतक्या खाली उतरलं होतं. साहेबानं ते तळहातावर धरून आम्हा दोघांना दाखवलं, बारशाला मूल दाखवतात तसं. आबांनी मूळ बघितलं, हात जोडले, आणि फोडणी जळते म्हणून आत गेले.

त्यावर त्यानं कविता केली. काळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा, बारीक, मुंग्या चालल्यासारखं अक्षर. मी चहा द्यायला गेले की कधी कधी त्याच्या हिंदीत मला अर्थ सांगायचा. त्या मुळाची कविता अशी होती. “नीचे एक पेड़ है. उल्टा. अंधेरे में. वो असली. ऊपर वाला सिर्फ़ ख़बर देने आया.” मी म्हटलं, “बस? पुढं?” तो म्हणाला, “बस.” मला वाटलं, एवढंसं लिहायला सकाळपासून तीन पेले चहा? पण भांडी घासताना ते डोक्यातून जाईना. पन्नास वर्षं झाली, अजून गेलेलं नाही. रस्त्याकडेला लावलेली झाडं बघते तेव्हा मला त्यांच्या खाली उलटं उभं असलेलं झाड दिसतं. सुनेला एकदा सांगितलं तर ती म्हणाली, “आई, बीपीची गोळी घेतली ना?”

साहेब पुढे त्याच्या देशात परतून वारला, ते मला त्याच्या भाचीच्या पत्रावरून कळलं, दुसऱ्याकडून वाचून घेतलं. वह्या तिच्याकडे आहेत म्हणे. छापल्या की नाही, माहीत नाही. त्याचं लहानपण जंगलात गेलं होतं, बाप जंगलखात्यात, आणि शाळा संपते न संपते तोच त्याला लढाईवर नेलं, इतकं तो सांगायचा. त्यापुढचं सांगायचा नाही. आम्ही विचारत नव्हतो. नोकरानं मालकाला कुठवर विचारायचं ते आबांना बरोबर कळायचं. मला ते कळलं नाही, त्याचीच ही गोष्ट.

साहेबाच्या खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक होती. कुलूप नव्हतं, नुसती कडी. मी आले त्याच दिवशी, मी झाडू मारत असताना, साहेबानं तिच्याकडे बोट करून सांगितलं होतं, “ये नहीं.” दोन वर्षं मी तिच्या भोवतीनं झाडू फिरवला. फक्त सरकवताना आत काहीतरी लोखंडी वाजायचं.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे नवमीला हत्यारं पुजतात. ज्याचं जे हत्यार ते. शेतकऱ्याचा कोयता, कुऱ्हाड, बाईची विळी, लिहिणाऱ्याची वही. सगळ्यांना धुऊन, पुसून, कुंकू लावून एका पाटावर ठेवायचं. त्या दिवशी त्यांना विश्रांती, कुणी वापरायचं नाही. म्हणून आबांनी बुक्कीनं कांदा फोडला आणि विळीशिवाय होणारा स्वयंपाक केला. साहेबाला हे दरवर्षीचं माहीत होतं, त्याला गंमत वाटायची. यंत्राचा मोडका दात, बोल्ट आवळायचे पाने, मोजणीची दुर्बीण तो स्वतः आणून द्यायचा आणि वहीसुद्धा द्यायचा. सकाळी तसं सगळं देऊन तो कामावर गेला. आबा नारळ आणायला बाजारात निघाले. जाताना म्हणाले, “शेवंते, घरात धारंचं जे काय आसंल ते समदं काढ. मागं ऱ्हायलेलं हत्यार रुसतं, मग वर्सभर कुणाचं तरी रगात काढतं.”

त्यांना विळ्यासुऱ्या म्हणायच्या होत्या. मला ट्रंकेतला आवाज आठवला.

मी मुकाट्यानं बसले असते तर बरं झालं असतं, असं लिहायला हवं. पण तसं मला आजही वाटत नाही. मी कडी काढली. वर एक लोकरीचा कोट, कसर लागलेला. त्याखाली तेलकट फडक्यात गुंडाळलेलं लांब पातं, लाकडी मुठीचं. मला ते फार देखणं वाटलं. एवढं चांगलं हत्यार आणि बिचारं कधी पुजलं गेलं नाही. मी ते राखेनं घासलं, पाटावर मधोमध ठेवलं, साहेबाच्या वहीशेजारी. कुंकू गावाकडून आणलेलं, पुडी तळाला गेलेली, म्हणून तेलात कालवलं, म्हणजे पुरतं. बाकीच्यांना एकेक टिकली लावली आणि ह्याला पाच बोटांनी पाच पट्टे ओढले, मुठीपासून टोकापर्यंत. नवीन देवाला जास्त मान. व्हरांड्यात ऊन आलं होतं. त्या उन्हात तेल पातळ झालं आणि कुंकवाचा ओघळ टोकाकडे निघाला.

त्या दिवशी यंत्र बिघडलं आणि साहेब दुपारीच परत आला. जीपचा आवाज आला तशी मी कौतुकानं बाहेर आले. तो पायऱ्या चढला आणि पाटापुढं थांबला. त्याचा चेहरा असा झाला की मी मागं वळून बघितलं, वाटलं माझ्या पाठीमागं साप आहे. सोललेल्या नाकासकट सगळा पांढरा.

“किसने निकाला?”

“मैंने.”

“ये क्या है?”

“पूजा.”

“पूजा?” त्यानं दोनदा विचारलं. “इसका पूजा?”

मग त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला, वहीला लागलेलं कुंकू बघितलं आणि ते पातं उचलून मागं फलजकडे पळत गेला. पाण्यात उतरला, बुटांसकट. मूठभर वाळू घेऊन पातं घासायला लागला. मी काठावरून बघत होते. कुंकू कधीच गेलं होतं, पाणी निवळलं होतं, तरी तो घासतच होता. त्याचा तळवा कापला, आणि मग पाण्यात खरंच लाल उतरलं. तेव्हा मात्र तो थांबला. तिथंच पाण्यात बसला. तेवढ्यात आबा नारळ घेऊन आले. साहेब त्यांच्याकडे न बघता म्हणाला, “कल सुबह गाड़ी आएगा. दोनों जाओ. घर जाओ.”

आबांनी मला मारलं नाही. स्वयंपाकघरात आल्यावर नारळ खाली ठेवला.

“ट्रंक उघडलीस?”

“व्हय.”

“उघडू नगं म्हनला हुता?”

“व्हय.”

“मग आता आपली भर.”

मी भरली. दोन लुगडी, आईचा आरसा, आबांची माळ. मला रडू आलं नाही. आत्याच्या घरातली ती कोपऱ्यातली जागा दिसत होती, जातं आणि भिंत यांच्यामधली, आणि आता मी तिथं मावेन का एवढाच विचार येत होता. दोन वर्षांत पोटभर जेवून मी अंगानं भरले होते.

दुसऱ्या दिवशी दसरा. सामान दाराशी बांधून ठेवलं, तरी आबांनी अंघोळ केली, धूतवस्त्र नेसलं, तांब्या घेतला. म्हणाले, “नोकरी गेली म्हनून दसरा चुकत न्हाई. चल.” मी त्यांच्यामागं निघाले. ते त्या घाफच्या झाडाकडे गेले, ज्याचं मूळ साहेबानं तळहातावर आणलं होतं. बुंध्याला पाणी घातलं, कुंकू लावलं, डोकं टेकवलं. मग मला म्हणाले, “पाया पड. शमी हाय ही.”

गावाकडे मारुतीच्या देवळामागं शमी होती, दसऱ्याला तिची पूजा असायची. आबांनी हे झाड पहिल्याच महिन्यात ओळखलं होतं आणि कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. परवा नातवाला शाळेत या देशाच्या झाडावर लिहायला दिलं होतं, घाफचं चित्र काढत बसला होता. मी म्हटलं, ही आपली शमी. तो म्हणाला, “नो आजी, इट्स अरेबिक.” मग फोनमध्ये शोधलं आणि डोळे मोठे करून म्हणाला, “ओह. सेम ट्री.” मी म्हटलं, तुझ्या पणजोबांना फोन लागला नव्हता.

तर आबा डोकं टेकवून उठले तेव्हा साहेब मागं उभा. हाताला फडकं बांधलेलं. रात्रभर झोपला नसावा. त्याच हातात ते पातं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

“मेरा पेड़ को क्या करता?”

आबा कधी साहेबाला उलट बोलले नव्हते. पण आता नोकरी गेलीच होती. म्हणाले, “साब, पेड किसी का नहीं. ये शमी. हमारा भगवान का पेड.” आणि आपल्या मेसच्या हिंदीत त्यांनी पांडवांची गोष्ट सांगितली. पाच भाऊ, वनवासात गेले, शेवटचं वरीस लपून राहायचं होतं. हत्यार बरोबर असतं तर ओळखले गेले असते. मग त्यांनी आपली सगळी हत्यारं बांधली आणि याच झाडावर ठेवली. झाडानं सांभाळली. म्हणून आज याची पूजा. “तुम भी छुपाया,” आबा म्हणाले, “बक्से में. लडकी ने निकाला, गलती किया. पर छुपाना है तो साब, बक्सा नहीं. झाड.”

साहेब त्या झाडाकडे बघत राहिला. किती वर्षं तो त्याच्याकडे बघत होता. त्याचं शास्त्रातलं नाव त्याला येत होतं, मूळ किती खोल जातं ते येत होतं, त्याच्यावर त्यानं वहीभर लिहिलं होतं. हे त्याला येत नव्हतं. तो पुढं झाला, हात उंच करून दोन फांद्यांच्या बेचक्यात ते पातं ठेवायला लागला.

मी म्हटलं, “पण त्यांनी ती परत काढली.”

आबांनी माझ्याकडे डोळे वटारले. पण मला खरं ते बोलल्याशिवाय राहवत नाही, तेव्हाही राहवत नव्हतं. साहेबाला समजावं म्हणून मी हिंदीत म्हटलं, “साब, एक साल के बाद वापस निकाला. फिर बड़ा लड़ाई किया. सब मर गया.”

साहेबाचा हात वरच राहिला. मग हळूहळू खाली आला. “हाँ,” तो म्हणाला. “मैं भी निकाला.”

आणि तो तिथं वाळूत बसला आणि त्यानं सांगितलं. त्याच्या हिंदीत सांगितलं, म्हणून ते फार थोड्या शब्दांत झालं. लढाईतला हिवाळा, परका मुलूख, एक खेडं. यांना शेकोटीला लाकूड हवं होतं. एका म्हाताऱ्याच्या दारात फळाचं झाड होतं, नासपतीचं. म्हातारा झाडाला मिठी मारून उभा राहिला. वरच्यानं सांगितलं, याला हटव. “मारो, नहीं बोला,” साहेब म्हणाला. “हटाओ, बोला. मारा मैंने.” या पात्यानं. तो एकोणीस वर्षांचा होता. मग झाड तोडलं. ते ओलं होतं. पेटलंच नाही.

लढाई संपल्यावर त्यानं हे पातं आपल्या गावच्या जंगलात पुरलं. मग कैदेत गेला, आणि सुटून आल्यावर त्यानं ते पुन्हा उकरून काढलं. आबांनी विचारलं, का? तो म्हणाला, ते जमिनीत असताना एक दिवस त्याला वाटायला लागलं की असं काही झालंच नव्हतं. त्याची भीती वाटली, म्हणून काढलं. तेव्हापासून ते जवळ आहे आणि तेव्हापासून तो झाडांवर लिहितो. माणसावर एक ओळ नाही.

मला त्याची दया आली नाही. माफ करायला तो म्हातारा माझा कोणी नव्हता. मला वाटलं ते वेगळंच होतं, त्याला मला नीट शब्द नाही. वाळूवरच्या खुणा बघून अंगावर जसा काटा आला होता तसा पुन्हा आला. याच बोटांनी ते केलं, आणि याच बोटांनी त्यानं ते सुतळीएवढं मूळ इतकं हळू धरून आणलं होतं. दोन्ही एकाच माणसाचे हात. मी त्या हातांकडे बघत राहिले, आणि आजही डोळे मिटले तर मला साहेबाचा चेहरा आधी दिसत नाही, हात दिसतात.

मी म्हटलं, “साब, इसका विळी बनाओ.”

“काय तरी बोलू नगं,” आबा एकदम मराठीत कडाडले. “त्येच्यावर चिरल्याली भाजी मी खानार न्हाई.”

“मग खुरपं करा. खुरप्याला काय खायाचं हाय?”

आबा विचार करून म्हणाले, “खुरपं चालंल.” साहेबानं विचारलं, क्या बोलता? आबांनी वाळूत बोटानं खुरपं काढून दाखवलं, वाकडं पातं, मूठ, आणि रोप लावायला माती कशी उकरतात ते दाखवलं. साहेब त्या वाळूतल्या चित्राकडे पुष्कळ वेळ बघत होता.

तेवढ्यात गाडी आली. ड्रायव्हर पठाण होता, त्यानं आमचं सामान आधीच मागं टाकलं होतं. भोंगा वाजवून ओरडला, “यल्ला, यल्ला! जाना है कि नहीं?” आम्ही दोघं मागं बसलो. साहेब काही न बोलता पुढं चढला, पातं मांडीवर, आणि म्हणाला, “पहले लोहार.”

बाजाराच्या टोकाला एका म्हाताऱ्या बलुच्याची भट्टी होती. आबांनी त्याला खुरपं समजावलं. त्यानं पातं उलटसुलट करून बघितलं, नखानं वाजवलं, खूश झाला, असं लोखंड इकडे मिळत नाही म्हणाला. मूठ तोडून पातं निखाऱ्यात घातलं. भाता ओढायला साहेब स्वतः बसला, फडकं बांधलेल्या हातानं. मी आयुष्यात पुष्कळ लाल बघितलं आहे, पण तो रंग पुन्हा बघितला नाही. पातं आधी काळं, मग जांभळं, मग असं लाल झालं की आतून उजेड आला. बलुच्यानं ते ऐरणीवर घेतलं आणि घण उचलला. मारण्याआधी सहज, गिऱ्हाइकाशी बोलतात तसं, त्यानं विचारलं, “किसका है?”

“मेरा,” साहेब म्हणाला.

“इससे क्या काटता था?”

आबांनी माझा दंड धरला. ड्रायव्हर विडी पेटवत होता, त्याची काडी तशीच जळत राहिली. साहेबानं भाता सोडला नाही. म्हणाला, “आदमी.”

बलुच्यानं घण खाली केला. साहेबाकडे बघितलं, बराच वेळ, लोखंड निवायला लागलं तोवर. मग पुन्हा पातं निखाऱ्यात सारलं आणि म्हणाला, “ज़ोर से खींचो. अभी नरम नहीं हुआ.”

साहेब ओढत राहिला. लोखंड वाकलं तेव्हा घणाच्या आवाजानं बाजारातली सगळी कबुतरं उडाली.

भट्टीवरून निघालो तेव्हा खुरपं ओल्या गोणपाटात गुंडाळून साहेबानं पायांशी ठेवलं होतं, त्यातून वाफ येत होती. आमची ट्रंक मागं खडखडत होती. बाजार संपतो तिथं रस्ता फुटायचा, उजवा विमानाच्या गावाकडे, डावा घराकडे. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. “साब, किधर?”

मी आबांकडे बघितलं, आबा आपल्या पायांकडे. मग साहेब मागं वळला आणि आबांना नाही, मला विचारलं, “आज त्योहार है. मीठा क्या बनेगा?”

मी म्हटलं, “खीर. दूध घेतलं तर.”

साहेब ड्रायव्हरला म्हणाला, “दूध की दुकान पर रोको. फिर बाएँ.”